ऑक्टोबरात पुएर्तो विएहो: आई-बाबा आणि मुलाला घेऊन जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॅलसहून सहा दिवस काढता येतात. पुण्याहून आलेले आई-बाबा (६८ आणि ७२) आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत आहेत, आई शुद्ध शाकाहारी. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं पुएर्तो विएहो दे तालामांका मनात भरलंय, पण जो तो सांगतोय की ऑक्टोबर म्हणजे तिथला ऐन पावसाळा. तर जावं की नाही?

जा, आणि ऑक्टोबरातच जा. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या मध्य अमेरिकेच्या सहली मी बारा वर्षं आखतेय. या गावाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज हवामानाचाच आहे. तुम्हाला मिळालेला सल्ला खोटा नाही, पण तो डोंगरापलीकडचा आहे. जुलैत महाबळेश्वर धो धो भिजत असतं, तेव्हा वाई ओलांडून पुढे फलटण-दहिवडीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. कोस्टा रिकाचंही तसंच. देशाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे, त्यातलं चिरिपो शिखर ३,८०० मीटरच्या वर जातं. वर्षातला बराच काळ ईशान्येचे व्यापारी वारे कॅरिबियन बाजूवर पाऊस ओततात, आणि डिसेंबर ते एप्रिल पॅसिफिक बाजू कोरडी राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे वारे मंदावतात, ओलावा पॅसिफिककडून यायला लागतो, आणि तालामांकाचा किनारा पर्जन्यछायेत जातो. म्हणजे मित्र पॅसिफिक किनाऱ्यावर छत्री धरून उभे असताना तुम्ही इथे उन्हात असाल. मात्र कोरडं म्हणजे आपल्या एप्रिलसारखं खडखडीत समजू नका. हा वर्षावनाचा मुलूख आहे, रात्री एखादी जोरदार सर येऊन जाते.

याउलट, नाताळच्या सुट्टीत इथे जाऊ नका. अकरा वर्षांपूर्वी मी तीन कुटुंबं डिसेंबरात नेली होती. पाचातले चार दिवस व्हरांड्यात बसून काढले, मुलं कंटाळून रडकुंडीला आली. प्रवासी पुस्तकांत ‘डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम’ असं छापलेलं असतं, ते पॅसिफिक बाजूचं असतं. तेव्हापासून मी आधी नकाशातला डोंगर बघते, मग महिना ठरवते.

वादळांची भीती घरचे घालतीलच. पुएर्तो विएहो जेमतेम साडेनऊ अंश उत्तरेला आहे, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘ओटो’ देशाच्या उत्तर भागावर आलं होतं, पण तो अपवाद. दूरवरच्या वादळानं समुद्र खवळू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

आता समुद्र. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण या गावात माणसं दगावतात ती साप-विंचवानं नव्हे, पाण्यानं. आपली पिढी अलिबाग-गुहागरचा समुद्र बघत वाढली. आपल्याला भरती-ओहोटीचं गणित ठाऊक असतं आणि आपण त्यावरच धोका जोखतो. इथे ते गणित कामाचं नाही, भरती-ओहोटीत फरक जेमतेम फूटभराचा पडतो. इथला धोका म्हणजे किनाऱ्यावरून आत खेचणारी पाण्याची ओढ, जिला सगळे रिप करंट म्हणतात. ती ओळखायची खूण मुलालाही शिकवा. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या पट्ट्यात मध्येच एक गडद, शांत पट्टा दिसतो, तिथे लाटा फुटत नाहीत. नवख्याला वाटतं, इथे पाणी निवांत आहे, इथूनच उतरू. नेमका तोच ओढीचा रस्ता असतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं पोहायची धडपड करू नका, त्यातच दम संपतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहा, पट्टा ओलांडला की मग लाटांबरोबर बाहेर या.

गावासमोरच ‘साल्सा ब्रावा’ नावाची प्रसिद्ध लाट आहे. ती उथळ प्रवाळाच्या खडकावर फुटते, ती मुरलेल्या सर्फरांची, आपली नव्हे. कोकलेसचा किनारा लांबलचक आणि देखणा, पण ओढ तिथेच जास्त. तिथे जीवरक्षक असतात, तरी ते दर तासाला असतील असं धरून चालू नका. मुलाला आणि बाबांना पाण्यात न्यायचं तर पुंता उवा. गावापासून दक्षिणेला सात किलोमीटर, टेकडीच्या आडोशाला वळलेली खाडीसारखी जागा. ऑक्टोबरात हे पाणी बहुतेक वेळा शांत असतं आणि तळ दिसतो. तरीही निघण्यापूर्वी मुक्कामाच्या मालकाला विचारा, आज समुद्र कसा आहे. इथली माणसं याचं उत्तर मनापासून देतात.

प्रवासाबद्दल माझं एकच ठाम मत आहे: विमानतळावर उतरलेल्या दिवशीच किनारा गाठायचा प्रयत्न करू नका. डॅलसहून राजधानी सान होसे चार तासांचं थेट विमान. पण तिथून पुएर्तो विएहो सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि लागतात पाच तास, कधी सहा. रस्ता क्रमांक ३२ ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या दाट जंगलातून घाट उतरतो. पावसात दरडी कोसळून हा रस्ता बंद पडणं नित्याचं आहे, आणि ऑक्टोबरात घाटाच्या वरच्या अंगाला पाऊस असणारच. शिवाय लिमोन आणि मोईन बंदरांकडे केळी-अननसाचे कंटेनर वाहणारे ट्रक याच रस्त्यावर. वर धुकं, एकेक मार्गिका, आणि सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. कसारा घाट रात्री, पावसात, अनोळखी गाडीनं आणि अनोळखी भाषेतल्या पाट्या वाचत उतरायचा, अशी कल्पना करा. विमानतळ खरं तर अलाहुएला गावात आहे. तिथेच पहिली रात्र काढा, सकाळी सहाला निघा, जेवायच्या वेळेला समुद्रावर असाल. रस्ता बंद निघालाच तर तुरियाल्बामार्गे वळसा आहे, लांबचा आणि वळणावळणाचा. निघण्यापूर्वी हॉटेलात ‘रूता त्रेइंता इ दोस’, म्हणजे रस्ता क्रमांक ३२, उघडा आहे का, एवढं विचारा.

गाडी भाड्यानं घ्यावी का? आई-बाबा सोबत आहेत म्हणून माझं उत्तर हो. ऑनलाइन भाडं दिवसाला दहा डॉलर दिसतं आणि काउंटरवर ते तीन-चार पट होतं, कारण तृतीय पक्षाचा विमा इथे सक्तीचा आहे आणि तुमचं क्रेडिट कार्ड तो भरत नाही. कंपनीला आधी लिहून विम्यासकट एकूण आकडा मागा. गाडी चालवायची नसेल तर दारापासून दारापर्यंतच्या शटल गाड्या मिळतात. ‘मेपे’ कंपनीची बस स्वस्त आहे, पण पाच तास बसून प्रवास बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का, ते तुम्हालाच ठाऊक. किनाऱ्यावर गाडी लावताना आत काही ठेवू नका, अगदी रिकामी पिशवीसुद्धा. गाड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस भेटेल, त्याला ‘ग्वाचिमान’ म्हणतात. त्याला चिल्लर द्या, पण बॅग त्याच्या भरवशावर सोडू नका.

मुक्काम कुठे, यावर सहलीचा निम्मा आनंद ठरतो. पुएर्तो विएहोच्या मध्यावर राहू नका. तिथे रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं आणि गांजा विकणारे रस्त्यात विचारतात. तरुणांना त्याचं काही वाटत नाही, आईंना वाटेल. प्लाया चिकीता ते पुंता उवा या पट्ट्यात झाडीत लपलेली छोटी घरं भाड्यानं मिळतात, स्वयंपाकघरासकट. जिने विचारून घ्या. इथली बरीच घरं लाकडी खांबांवर उभी असतात आणि शिडीसारख्या पायऱ्यांनी वर चढावं लागतं. पहाटे साडेचार-पाचला छपरावरून गर्जना ऐकू आली तर घाबरू नका, ती हाउलर माकडं. बाबांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. गाडी घेणार नसाल तर माझी पसंती पुएर्तो विएहो नव्हे, सोळा-सतरा किलोमीटर उत्तरेचं काउइता. छोटं, शांत, सगळं चालत जाण्याजोगं.

काउइताबद्दल थोडं अधिक सांगते, कारण हे राष्ट्रीय उद्यान मला जगातल्या फार थोड्या जागांइतकं आवडतं. गावाच्या टोकाला ओढ्यावरचा पूल ओलांडला की उद्यान सुरू. या केली क्रीक दाराला ठरलेलं तिकीट नाही, ऐच्छिक देणगी घेतात. १९९४ मध्ये सरकारनं परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क एकदम वाढवलं. गावाचं पोट पाहुण्यांवर, म्हणून गावकऱ्यांनी दारच ताब्यात घेतलं, आणि त्या भांडणातून पुढे गाव आणि सरकार मिळून उद्यान सांभाळू लागले. म्हणून तिथे हात आखडू नका, माणशी पाच डॉलर तरी टाका. ते पैसे डोळ्यांसमोर कामाला लागतात.

वाट सपाट, सावलीची, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या हाताला समुद्र. दुसऱ्या टोकाच्या पुएर्तो वार्गास दारापर्यंत आठ किलोमीटरच्या वर चालावं लागतं. आई-बाबांनी साधारण दोन किलोमीटरवरच्या पेरेसोसो नदीपर्यंत जावं आणि परत फिरावं. पेरेसोसो म्हणजे स्लॉथ, झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी. नदीचं पाणी चहासारखं दिसतं, ते कुजलेल्या पानांच्या अर्कामुळे, घाण म्हणून नव्हे. दारावर परवानाधारक वाटाड्या घ्या, दुर्बिणीसकट. तुमच्या नजरेला जे पानांचं गाठोडं वाटेल तो स्लॉथ असतो, आणि फांदीवरची सोन्यासारखी पिवळी दोरी म्हणजे विषारी साप. तो बसल्या जागेवरून हलत नाही, पण फांद्यांना हात लावायचा नाही हा नियम मुलाला पक्का सांगा. स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच झाडावरून उतरतो, तेही शौचाला, हे सांगितलंत की मुलगा दिवसभर वर बघत चालेल. खाऊ पिशवीत बंद ठेवा. रॅकून आणि पांढऱ्या तोंडाची माकडं चेन उघडतात. एकदाच वापरायचं प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या घेऊन जा.

इथल्या प्रवाळाला वाटाड्याशिवाय भेट देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २२ एप्रिल १९९१ च्या मोठ्या भूकंपात हा किनारा उचलला गेला, काही ठिकाणी मीटरभराहून जास्त. पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडून मेले. काठाला आज जे काळे खरबरीत खडक दिसतात, त्यातले कितीतरी तेव्हा जिवंत होते. बाबांना भूगोलाची आवड असेल तर ही गोष्ट तिथे उभं राहूनच सांगा.

ऑक्टोबराची आणखी एक देणगी आहे जी फार थोड्यांना माहीत असते. उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडे जाणारे लाखो शिकारी पक्षी आणि गिधाडं याच अरुंद किनारपट्टीवरून जातात. गावाला लागूनच केकोल्दी या आदिवासी राखीव क्षेत्रात त्यांची मोजणी होते. मोजणीच्या मनोऱ्यापर्यंतची चढण आई-बाबांना जमणार नाही. पण सकाळी नऊनंतर ऊन तापलं की कुठल्याही मोकळ्या जागेवरून वर बघा. हवेच्या गरम भोवऱ्यात हजारो पक्षी गरगरत चढतात आणि मग एका रेषेत सरकत निघून जातात. मी दर वेळी मान दुखेपर्यंत बघते.

आईंच्या जेवणाची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे, म्हणून सविस्तर. इथला मूळ स्वयंपाक जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा. त्यांच्या पूर्वजांनी लिमोनचा रेल्वेमार्ग बांधला आणि मग केळीच्या मळ्यांत राबले. कोकणातल्या माणसाला हा स्वयंपाक पहिल्या घासाला ओळखीचा वाटतो, कारण त्याचा पाया नारळाचं दूध आहे. ‘राइस अँड बीन्स’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात-राजमा, वर अख्खी मिरची नुसत्या वासाला. सान होसेकडचा ‘गायो पिंतो’ वेगळा, त्यात नारळ नसतो. नीरफणस इथे ‘फ्रूता दे पान’ म्हणून तळून मिळतो, आपल्या कापांचा भाऊच. कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले ‘पाताकोनेस’ मुलाला नक्की आवडतील. पेय मागवा ‘आग्वा दे सापो’. नावाचा अर्थ बेडकाचं पाणी, पण आत आलं, लिंबू आणि ‘तापा दे दुल्से’, म्हणजे चक्क गूळ. ‘आग्वा दे पीपा’ म्हणजे शहाळं.

सावधगिरी कुठे बाळगायची? ‘पाती’ नावाची करंजी मांसाची असते. तशीच दिसणारी ‘प्लांतिंता’ गोड, पिकल्या केळ्याची. ‘रोंदोन’ म्हणजे मासळीचं कालवण. आणि ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण कोंबडीचं मांस कित्येकांना मांस वाटत नाही आणि बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. हे वाक्य कागदावर लिहून दाखवा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका दे सेर्दो’. म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, डुकराची चरबी नको. स्वयंपाकघराचं घर घ्या म्हटलं ते याचसाठी. तांदूळ, घेवडा, नारळ, कोथिंबीर, मिरची, आलं सगळं गावात मिळतं. हिंग, हळद आणि थोडा गोडा मसाला बंद पाकिटांतून न्या. बिया आणि ताजी पानं विमानतळावर अडवतात, म्हणून अख्खी मोहरी नेण्यापेक्षा डॅलसलाच फोडणी करून ती डबीत नेणं सोपं.

एक दिवस ब्रिब्री आदिवासींच्या योर्किन गावासाठी ठेवता येतो. नदीतून लांबट होडीनं जायचं, कोको भाजून पाट्यावर वाटायचा, ताडाच्या पानांच्या छपराखाली जेवायचं. तिथल्या बायकांनी उभ्या केलेल्या ‘स्तिब्राउपा’ गटाचं हे काम. ब्रिब्रींमध्ये कूळ आईकडून चालतं, ते आईंना ऐकायला आवडेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोनिलिया बुरशीनं या खोऱ्यातला कोको झोपवला, तो सावरण्याची कहाणीही तिथे कळते. पण होडीत चढणं-उतरणं निसरडं आहे. बाबांचा तोल नीट नसेल तर तुम्ही आणि मुलगा जा, त्यांना घरी आराम करू द्या. प्लाया चिकीताचं जग्वार रेस्क्यू सेंटर मात्र सगळ्यांना जमेल. जखमी प्राण्यांना बरं करून जंगलात सोडण्याचं काम तिथे चालतं. वाटाड्यासोबतच फिरवतात, वेळ आधी ठरवून जा. रस्त्यात कुणी स्लॉथ हातात देऊन फोटोचे पैसे मागितले तर नको म्हणा. तो प्राणी त्या हाताळण्यानं आजारी पडतो.

आरोग्य. डास आहेत, डेंग्यू आहे, आणि लिमोन प्रांतात हिवतापही आढळतो. आई-बाबांच्या डॉक्टरांना निघण्याच्या महिनाभर आधी विचारा. डास पळवणारं, डीईईटी असलेलं मलम डॅलसहून न्या. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर दिसणार नाहीत अशा बारीक माश्या चावतात, तेव्हा पाय झाकलेले हवेत. गावात दवाखाना आणि औषधाचं दुकान आहे, पण मोठं सरकारी रुग्णालय लिमोन शहरात, गाडीनं तासाभराहून जास्त. आणीबाणीचा क्रमांक ९११. बाबांची औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि वैद्यकीय स्थलांतराचा खर्च देणारा विमा घ्या.

पैशाचं सोपं आहे. डॉलर चालतात, फाटकी नोट कुणी घेत नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. मेनूवरच्या किमतीत १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, वेगळी टीप द्यायलाच हवी असं नाही. प्लग अमेरिकेसारखेच.

कागदपत्रांत चूक करू नका. आई-बाबांकडे अमेरिकेचा वैध बहुप्रवेश पर्यटक व्हिसा असेल तर त्यावर कोस्टा रिकात प्रवेश मिळतो. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुमच्या नेमक्या व्हिसाप्रकारासाठी त्यांच्या वाणिज्य दूतावासाकडून लेखी उत्तर मागवा आणि ते छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवर तेच उपयोगी पडतं. त्याहून महत्त्वाचं, तुमच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर निघूच नका. संपलेल्या व्हिसावरही कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परतण्याची सवलत कोस्टा रिकाला लागू नाही. परतीचं तिकीट दाखवावं लागतं. पनामाच्या बोकास देल तोरो बेटांचा मोह या वेळी टाळा. सिक्साओलाची सीमा जवळ आहे खरी, पण पनामा भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचा दाखला मागतात, आणि साठीनंतर ती लस घेण्यात जोखीम वाढते.

परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र पुन्हा अलाहुएलातच काढा. दुपारचं असेल तरीसुद्धा माझा आग्रह तोच राहील, दरड कोसळायला वेळापत्रक नसतं. पाचव्या दिवशी पुंता उवाला पहाटे एकदा पाण्यात उतरा, दहाला निघा, आणि दिवस मावळायच्या आत घाट चढून वर पोचा.